चर्चच्या फरशीवर ब्रेकर चालवण्याआधी

जुन्या चर्चच्या नूतनीकरणाचा ठराव झाला की अंदाजपत्रकात एक बाब हमखास येते: जुनी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवणे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यावर फारशी चर्चाही होत नाही. कौले बदलायची की पत्रे घालायचे यावर वाद होतो, रंगावर होतो, खिडकीच्या रंगीत काचांना तर कोणी हात लावू देत नाही. पायाखालची नक्षी मात्र चार दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून जाते आणि कुठल्या तरी खड्ड्यात भराव म्हणून पडते.

हा निर्णय चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने किंवा पॅरिश कौन्सिलने एका बैठकीत घेण्याइतका किरकोळ नाही, असे आमचे ठाम मत आहे. जुनी फरशी काढण्याआधी तिची तपासणी सक्तीची असावी. ती दुरुस्त करणे शक्य व्हावे म्हणून दोन्ही जिल्ह्यांत जुन्या टाइल्सची एक सार्वजनिक बँक असावी. ही मागणी केवळ देखणेपणाच्या हौसेतून आलेली नाही. जुनी फरशी गेली की तिच्यामागोमाग भिंतीही बिघडू लागतात, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

आधी पायाखाली नेमके काय आहे ते ओळखायला हवे. तीन-चार वेगळ्या वस्तूंना आपण सरसकट 'जुन्या डिझाइनच्या टाइल्स' म्हणतो, आणि एकीला मानवणारा उपाय दुसरीचा जीव घेतो.

पहिली एन्कॉस्टिक टाइल, म्हणजे भाजलेल्या मातीत दुसऱ्या रंगाच्या मातीची नक्षी भरलेली. मध्ययुगात युरोपातल्या मठांत आणि चर्चमध्ये ही कला होती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेच्या चॅप्टर हाउसमधली, म्हणजे मठाच्या सभागृहातली, १२५० च्या दशकातली फरशी अजून जागेवर आहे. मधल्या काळात हे तंत्र मागे पडले. सॅम्युअल राइट यांनी १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटन यांनी ते कारखान्यात उतरवले. प्लास्टरच्या साच्याच्या तळाशी नक्षी उठावात असते. त्यात आधी बारीक मळलेल्या मातीचा पातळ थर, वर जाडसर मातीचा पोटातला थर आणि पाठीला पुन्हा बारीक मातीचा थर दाबतात. साचा काढला की नक्षीच्या जागी खाच उरते. तीत दुसऱ्या रंगाची पातळ माती ओततात, थोडी सुकल्यावर वरचा जादा भाग खरवडून नक्षीची कड स्वच्छ काढतात, मग कित्येक आठवडे सावलीत सुकवून भट्टीत भाजतात. अवघड भाग सुकण्याचा असतो. दोन्ही माती सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर नक्षी टाइलमधून सुटून येते किंवा कडेने चीर पडते. अशा टाइलचा तुटलेला कोपरा उजेडात आडवा धरला तर पिवळसर नक्षी तांबड्या अंगात दोन-तीन मिलिमीटर खोल गेलेली स्पष्ट दिसते. नक्षी वर छापलेली नसल्यामुळे शंभर वर्षे चप्पल-बूट घासूनही ती टिकते. पण टिकण्याची मर्यादाही तीच, दोन-तीन मिलिमीटर. हा आकडा पुढे पॉलिश मशीनच्या वेळी आठवावा.

दुसरी, एकरंगी भौमितिक तुकड्यांची फरशी: तांबडे, काळे, पिवळट चौकोन, त्रिकोण, अष्टकोन. रिचर्ड प्रॉसर यांच्या १८४० च्या पेटंटमुळे जवळजवळ कोरडी माती दाबयंत्रात दाबून हे तुकडे नेमक्या मापाचे करता येऊ लागले. तिसरी, वेदीमागच्या किंवा भिंतीच्या खालच्या पट्ट्यातली चकचकीत टाइल. तिच्यावरची काच म्हणजे ग्लेझ हाच तिचा रंग आणि तेच तिचे कवच. पणजीला मेनेझेस ब्रागांझा संस्थेत जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेली निळी-पांढरी भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही जात लगेच ओळखू येईल. चौथी, आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी, भाजलेली नाहीच: सिमेंटची डिझाइन टाइल. पितळी खणांच्या साच्यात रंग, सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचे मिश्रण ओतून, वर कोरडे सिमेंट-वाळू आणि मग जाडसर मसाला घालून ती दाबतात आणि पाण्यात मुरवतात. मुंबईत १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी सुरू झाली ती स्वदेशीच्या भावनेतून, परदेशी टाइल्सना देशी पर्याय म्हणून. सांगलीच्या गावभागातल्या वाड्यांपासून साताऱ्याच्या पेठांपर्यंत माजघरांत जी आठ इंची फुलांची फरशी दिसते, ती याच जातीची.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. आधीच फुटलेल्या टाइलच्या पाठीवर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर सिमेंटची, नाही आले तर भाजलेल्या मातीची. पाठीला चिकटलेला चुना आधी घासून काढावा, नाहीतर चुनाच फसफसतो आणि फसगत होते.

काही जण म्हणतात, आमची फरशी मूळ नाही, नंतर बसवलेली आहे, मग काढली तर बिघडले कुठे? महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च १८३१ चे मानले जाते, म्हणजे मिंटनचा टाइल्सचा धंदा अजून उभाही राहिला नव्हता. तेव्हा जुन्या चर्चमधली नक्षीची फरशी इमारतीनंतरची असणे हेच स्वाभाविक आहे. पण नंतरची म्हणजे बिनमोलाची नव्हे. ती कुणाच्या तरी देणगीतून, कुणाच्या तरी स्मरणार्थ बसली. ती त्या मंडळीचा लेखी नसलेला दप्तरखाना आहे.

आता मुख्य मुद्दा, ही फरशी काम कसे करते. जुन्या बांधणीत काँक्रीटचा थर नाही की खाली प्लॅस्टिकचा कागद नाही. दगडगोट्यांचा धुम्मस केलेला भराव, त्यावर चुना-विटांच्या चुऱ्याचा कोबा, त्यावर चुन्याच्या मसाल्यात टाइल. जमिनीतली ओल वर येते आणि सांध्यांतून व टाइलच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत निघून जाते. महाबळेश्वरकडे, जिथे जांभ्याच्या भिंती आणि वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस असतो, तिथे या वाटेला फार महत्त्व आहे. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. तिच्या प्रतीचे तेच मानक आहे आणि इथे तोच तिचा दोष ठरतो. सगळ्या हॉलवर ती पसरली की ओलीला वर यायला जागा उरत नाही. मग ती कडेला सरकते आणि भिंतीत चढते. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा फुगतो, गिलावा सुटतो, रंगाचे पोपडे येतात. मग भिंतीला वॉटरप्रूफिंगचा लेप लागतो आणि ओल आणखी वर चढते. फरशीचा खर्च एकदाच होतो, पण भिंतीचा खर्च तेव्हापासून दर दोन वर्षांनी सुरू होतो. गंमत म्हणून नव्हे, कळकळीने सांगतो: ज्या कमिट्यांना 'भिंतीला ओल कुठून येते' हे कोडे सुटत नाही, त्यांनी फरशी कोणत्या साली बदलली ते इतिवृत्तात शोधावे.

जुनी फरशी न काढता तिच्यावरच चिकटद्रव्याने नवी टाइल लावण्याचा 'स्वस्त' मार्गही सुचवला जातो. त्यात पातळी दीड सेंटिमीटर तरी चढते, दारांच्या फळ्या खालून तासाव्या लागतात, पायरीची उंची बिघडते, ओलीचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. शिवाय जुनी टाइल कायमची जाते, कारण ते चिकटद्रव्य सुटताना टाइलचा पृष्ठभाग घेऊनच सुटते.

सांगलीकरांसाठी याला पुराची बाजू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पूर ओसरल्यावर फरशी काळवंडते, सांध्यांतून पांढरे क्षार फुलून येतात, काही टाइल्स हलू लागतात, आणि 'ही आता गेली' असा निकाल लागतो. वस्तुतः चुन्यावरची फरशी पुरानंतर सावरते, तिला वेळ द्यावा लागतो. गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने काढावा; वाळला की तो घासताना पृष्ठभाग खरवडतो. ॲसिड लावू नये. गालिचा, रेक्झिन, प्लॅस्टिकच्या चटया सगळ्या उचलाव्यात. दारे-खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्यावे. जाड भिंतींना वाळायला इंचामागे महिना असा ढोबळ हिशेब आहे, फरशीलाही तीन-चार महिने सहज लागतात. तोवर वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकायचे. पाण्याने धुतले तर ते विरघळून परत आत जातात आणि पुढच्या उन्हात पुन्हा फुलतात.

क्षार हट्टी असतील तर लगदा लावावा. साध्या टिश्यू पेपरचा किंवा कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून एक-दीड सेंटिमीटर जाड थापायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. सुकताना तो आतले क्षार ओढून घेतो. मग काढून नवा थर. किती वेळा, हे अंदाजाने ठरवू नये. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो टीडीएस मीटर पुरेसा आहे. काढलेला सुका लगदा दहा ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी शंभर मिलिलिटर, तासाभराने आकडा लिहून ठेवायचा. लागोपाठ दोन थरांत आकडा उतरायचा थांबला की काम थांबवावे. ग्लेझच्या टाइलवर हे काम विशेष जपून करावे, कारण क्षार ग्लेझच्या खालीच साठतात आणि ते फुगले की काच पापुद्र्यासारखी उडते. तिथे पापुद्रा सुटू लागला असेल तर लगद्यालाही हात न लावता जाणकार बोलवावा.

फरशी मारणाऱ्या गोष्टींत पुराहून मोठा वाटा आपल्या स्वच्छतेचा आहे. सणाआधी ॲसिडने फरशी धुण्याची रीत थांबली पाहिजे. सिमेंटच्या टाइलचा रंगाचा थर ॲसिडने थेट खाल्ला जातो. भाजलेली टाइल तग धरते, पण सांध्यांतला चुना विरघळतो आणि मागे क्षार राहतात. दुसरे, डायमंड पॉलिश. मशीन उंचसखल फरशी एका पातळीत आणते, म्हणजे उंच टाइल तासते. एन्कॉस्टिकची नक्षी किती खोल असते ते वर सांगितले आहे. जिथे पायांनी आधीच मिलिमीटरभर झिजवली आहे तिथे मशीनच्या दोन फेऱ्यांत नक्षी संपते आणि तांबडी टाइल उरते. तिसरे, चमक यावी म्हणून लावलेले लॅकर किंवा पॉलियुरेथेन. ते ओल कोंडते, पांढरे पडते आणि सोलून निघताना नुकसान करते. मेणबत्तीच्या मेणासाठी चाकू चालवू नये; बर्फाचा तुकडा ठेवून मेण कडक करावे, लाकडी पट्टीने उचलावे, उरलेला डाग टीपकागद ठेवून कोमट इस्त्रीने टिपावा. रोजच्या सफाईला पिळलेला पोछा आणि सौम्य साबण पुरतो. दाराशी तीन-चार मीटर लांब पायपुसणे घातले तर मातीचे खडे आत येत नाहीत, आणि झीज मुख्यतः त्या खड्यांनीच होते.

दुरुस्तीची पद्धत गुपित नाही, फक्त धीराची आहे. आधी फरशीचा नकाशा: दोन-दोन फुटांचे चौकोन खडूने आखून प्रत्येकाचा मोजपट्टीसह फोटो. मग लाकडी मुठीने एकेक टाइल ठोकून पाहायची. खणखणीत आवाज म्हणजे पकड आहे, भद्द आवाज म्हणजे खाली पोकळी. भद्द आवाजाची प्रत्येक टाइल काढायची नसते. हलत नसेल आणि सांधा शाबूत असेल तर राहू द्यावी. हलणाऱ्या टाइल्स मात्र क्रमांक घालून उचलाव्यात. सुरुवात आधीच फुटलेल्या टाइलपासून करावी, सांधा हॅकसॉच्या पात्याने मोकळा करावा आणि पातळ पट्टी खालून सरकवावी. चुन्यावरची टाइल अशी सहज सुटते. मागे कोणी सिमेंटने बसवलेली असेल तर ती फुटण्याचीच शक्यता अधिक, आणि म्हणूनच यापुढच्या दुरुस्तीत सिमेंट वापरू नये हे कळते. सिमेंट टाइलपेक्षा कडक असते, हालचाल झाली की सांधा न तुटता टाइल तुटते, शिवाय त्यातले विद्राव्य क्षार टाइलमध्ये चढतात.

बैठकीचा मसाला: एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची भुकटी, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी हवीच, कारण नुसता चुना हवेने कडक होतो आणि फरशीखाली हवा पोचत नाही. ती कमी भाजलेल्या विटांची असावी, जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटांची, म्हणजे खंगराची, चालत नाही. १०० चौरस फुटांवर एक इंच थराला सुमारे ८.३ घनफूट तयार मसाला लागतो. मळताना आणि दाबताना तो आटतो, म्हणून कोरडे साहित्य ११ घनफूट धरावे: पावणेतीन चुना, पावणेतीन सुरखी, साडेपाच वाळू. टाइल आधी पाण्यात भिजवावी, नाहीतर ती मसाल्यातले पाणी ओढते आणि पकड येत नाही. दरजा, म्हणजे टाइल्समधले सांधे, एक-दोन मिलिमीटरच्या, चुना आणि संगमरवराच्या बारीक भुकटीने भरलेल्या. वर ओली पोती आठ-दहा दिवस, पाय ठेवायचा तो तीन आठवड्यांनी. म्हणून हे काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत उरकावे. पावसात चुना धरत नाही आणि वैशाखात तडकतो. सणाच्या आठ दिवस आधी फरशीचे काम काढणाऱ्या कमिटीला चुना कधीच साथ देणार नाही.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी जादा मजुरी घेतो आणि दिवसही जास्त लागतात. पण तुलना कशाशी करतो ते पाहावे. समजा हॉल दीड हजार चौरस फुटांचा आहे. सहा इंची टाइल्स चौरस फुटाला चार, म्हणजे सहा हजार. त्यातल्या शंभरात पाच खराब असतील तर प्रश्न तीनशे टाइल्सचा आहे. तीनशेसाठी सहा हजार फेकायच्या का? तंबोऱ्याची एक तार तुटली म्हणून मिरजेत कोणी भोपळा फोडत नाही. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत १८५६ पासून मिंटनच्या टाइल्स बसल्या. १९२४ मध्ये झिजल्या म्हणून काही भागांतल्या काढून संगमरवर घातला गेला, आणि उरलेली फरशी पुढे १९८० च्या दशकापासून जुन्या पद्धतीने नव्या टाइल्स बनवून घेऊन दुरुस्त करावी लागली. काढणे सोपे असते, परत मिळवणे कोणत्याही बजेटला जड जाते. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे, १८७२ मध्ये खुल्या झालेल्या त्या इमारतीचे संवर्धन आणि त्याला २००५ मध्ये मिळालेला युनेस्कोचा पुरस्कार आपल्याच राज्यातला आहे. तिथली मिंटनची फरशी आजही लोकांच्या पायाखाली आहे.

वयस्कर माणसे उंचसखल फरशीला अडखळतात, हा आक्षेप मात्र कोणीही उडवून लावू नये. जिथे दोन टाइल्सच्या कडांत पाच-सहा मिलिमीटरचा फरक आहे, ती जागा या आठवड्यात दुरुस्त झाली पाहिजे, संवर्धनाची वाट न पाहता. टाइल नसेल तर खड्डा रंग मिळवलेल्या चुन्याच्या मसाल्याने भरावा. दिसायला साधा, पण पाय अडकत नाही आणि उद्या टाइल मिळाली की निघतो. बाकांखालची, कपाटामागची चांगली टाइल काढून मधल्या वाटेत लावणे हाही रास्त उपाय आहे. पावसाळ्यात ओल्या चपलांनी गुळगुळीत व्हिट्रिफाइडवर घसरण्याचा धोका काही कमी नाही, हेही लक्षात घ्यावे.

आणि 'हे साहेबांचे, आपले काय त्यात?' हा प्रश्न. या चर्चमध्ये गेली शंभर-सव्वाशे वर्षे मराठीत उपासना होते, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने म्हटली जातात. टिळकांची अखेरची वर्षे साताऱ्यात गेली. ज्या फरशीवर पिढ्यान्‌पिढ्या लग्ने लागली आणि शवपेट्या टेकल्या ती साहेबांची राहत नाही. ती इथल्या मंडळीची आहे आणि म्हणूनच गावाचीही आहे.

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले तेव्हा मानवनिर्मित वारशाची दखलही घेतली गेली. पण वारसा म्हटले की आपली नजर दर्शनी भागावर थांबते. बाहेरचा दगड जपला आणि आतली फरशी गेली तरी कागदोपत्री सगळे ठीक असते. पोर्तुगालने या बाबतीत अनुभवातून शहाणपण घेतले. भिंतींवरच्या टाइल्सच्या चोऱ्या आणि तोडफोड वाढली तेव्हा २००७ मध्ये पोलिसांच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने 'एसओएस अझुलेजो' (अझुलेजो म्हणजे तिथली चकचकीत टाइल) हा प्रकल्प सुरू झाला, आणि २०१७ मध्ये दर्शनी भागावरच्या टाइल्स काढण्यावर देशभर कायद्याने बंधन आले. पोर्तू शहराची नगरपालिका याहून उपयोगी काम करते: पाडलेल्या इमारतींतल्या टाइल्स जमा करून ठेवते आणि ज्याच्या भिंतीवर तशीच टाइल कमी आहे त्याला विनामूल्य देते.

नेमके हेच आपल्याकडे हवे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आणि सातारा नगरपालिका यांना यासाठी नवा विभाग काढायची गरज नाही. जुने वाडे रोज पाडले जात आहेत आणि पाडकामाला परवानगी लागतेच. त्या परवानगीत एक अट घालावी: नक्षीची फरशी असेल तर ब्रेकर लावण्याआधी फोटो द्यायचे आणि सुटणाऱ्या टाइल्स पालिकेच्या गोदामात जमा करायच्या. नोंदवहीत माप, जाडी, जात, नग आणि कोणत्या वाड्याच्या कोणत्या खोलीतली हे लिहायचे. चर्च, देऊळ, मशीद, शाळा किंवा राहते घर, ज्याची फरशी जुळते त्याने नमुना आणि फोटो आणून दाखवावा आणि लागतील तेवढ्याच न्याव्यात; विक्री नाही, नाहीतर माल सरळ मुंबईच्या अँटिक बाजारात जाईल. नव्याने बनवून घेतलेल्या टाइलच्या पाठीवर साल कोरावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होणार नाही. गोदाम पूररेषेच्या वर हवे. टाइल्स आडव्या रचल्या की खालच्या फुटतात, म्हणून त्या लाकडी पट्ट्यांवर उभ्या, समोरासमोर तोंडे करून, मध्ये कागद घालून ठेवाव्यात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत काही हजार टाइल्स सहज मावतील.